कोपरामागची नस

पहिल्या महिन्यात विमलला सगळ्यात जास्त भीती वाटली ती शब्दांची. शहापूरच्या शाळेत ती मराठीतून शिकलेली, बारावीला इंग्रजीत जेमतेम निघालेली. आणि इथे भंडाऱ्याच्या कुष्ठरोग प्रशिक्षण वर्गात फळ्यावर रोज नवी इंग्रजी नावं उतरत होती. एपिडर्मिस, डर्मिस, मॅक्यूल, नोड्यूल. कातडीचे शब्द निदान डोळ्यांना दिसायचे. चट्टा दिसला की मॅक्यूल आठवायचा, गाठ दिसली की नोड्यूल. नसांचे शब्द मात्र आत दडलेले होते. अल्नर, मेडियन, लॅटरल पॉप्लिटियल, ग्रेट ऑरिक्युलर. ती ते मराठी अक्षरांत लिहून घ्यायची, आणि म्हणून दाखवायला उभं केलं की अर्ध्यावर अडकायची.

१९८६ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. अभ्यासक्रम पुरा झाला की तंत्रज्ञ म्हणून नेमणूक मिळणार होती. तिचे वडील हिरालाल हायवेच्या गँगमध्ये डांबर ओतायचे. पोरगी दवाखान्यात नोकरीला लागणार हे त्यांनी नेमणुकीच्या आधीच गावभर सांगून ठेवलं होतं, त्यामुळे नापास होऊन घरी जायची सोय उरली नव्हती.

वसतिगृहात तिच्या खोलीत आंबागडची पुष्पा होती. शेतकऱ्याघरची, बोलायला धीट, पाठांतराला तल्लख. वेणी घालता घालता ती विमलला प्रश्न टाकायची, आणि उत्तर चुकलं की वेणी सोडून पुन्हा घालायची, म्हणजे विमलला आणखी वेळ मिळायचा. तिच्यामुळेच विमलची जीभ हळूहळू सुटली.

वर्ग घ्यायचे पुंडलिकराव. पन्नाशी उलटलेले, सायकलवर गावोगाव हिंडून रोगी शोधण्यात ज्यांची हयात गेली असे. नुसत्या पाठांतरावर त्यांचा विश्वास नव्हता. ते म्हणायचे, नाव तोंडाला मागाहून येतं, आधी बोटाला शिकवा. निरोगी नस हाताखाली कशी लागते हे बोटानं एकदा धरून ठेवलं की सुजलेली नस ते आपोआप ओळखतं.

नसा चाचपायचा पाठ आला त्या दिवशी त्यांनी जोड्या लावल्या. पुष्पानं विमलचा डावा हात घेतला, कोपरात वाकवला आणि हाडामागच्या खाचेत दोन बोटं घातली. विमलच्या करंगळीपर्यंत कळ गेली. तिनं ती दात आवळून सोसली. अशी कळ सगळ्यांनाच येत असेल, असं तिला वाटलं. तसाही बाकावर कोपर टेकलं की त्या हाताला अलीकडे मुंग्या यायच्या, आणि त्याचा दोष ती बाकाला देत होती.

बाकीचे अजून चाचपडत होते. पुष्पानं मान वर केली.

"सर, मले सापडली. चांगली दोरीसारखी लागून राहिली."

पुंडलिकराव आले. त्यांनी पुष्पाच्या बोटांच्या जागी स्वतःची बोटं ठेवली. विमल त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. त्यांची बोटं थांबली, खाली-वर गेली, मग तिच्या उजव्या कोपरावर गेली आणि पुन्हा डावीकडे आली. आजूबाजूच्या जोड्या काम थांबवून पाहू लागल्या होत्या.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "ही अल्नर. नॉर्मल आहे. चला, पुढची नस घ्या."

पुष्पानं डोळे मिटले आणि बोटाला नीट लक्षात राहावं म्हणून ती नस पुन्हा एकदा हळूहळू चाचपली.

मधल्या सुटीत विमलनं स्वतःचं उजवं कोपर चाचपून पाहिलं. नस सापडायलाच वेळ लागला. सापडली तीही बारीक, बोटाखालून निसटणारी. तिनं डावी पाहिली. मग पुन्हा उजवी. एवढ्यात शिपाई आला आणि वर्ग सुटल्यावर पुंडलिकरावांनी डॉक्टरांच्या खोलीत बोलावलंय, असं सांगून गेला.

डॉक्टर तरुण होते, नागपूरहून नुकतेच आलेले. त्यांनी तिला पाठमोरं बसवलं, बाही खांद्यापर्यंत वर घ्यायला सांगितली आणि डोळे मिटायला लावले. कापसाचा स्पर्श जिथे होईल तिथे बोट ठेवायचं. ही तपासणी तिला पाठ होती. कालच तिनं ती लिहून काढली होती. मनगटावर कापूस टेकला, तिनं बोट ठेवलं. खांद्यावर टेकला, तिनं बोट ठेवलं. मग डॉक्टर थांबले. ती वाट पाहत राहिली. बाहेर कोणीतरी सायकल स्टँडवर लावली. डॉक्टर कापूस का टेकवत नाहीत ते तिला कळेना. तिनं डोळे किलकिले करून मान वळवली, तेव्हा तिच्या दंडाच्या मागच्या बाजूला त्यांचा हात होता आणि कापूस कातडीला लागलेलाच होता.

त्या जागी फिकट रंगाचा एक चट्टा होता. स्वतःच्या डोळ्यांनी तिला तो कधीच दिसला नसता.

डॉक्टर पुंडलिकरावांशी इंग्रजीत बोलू लागले. रोग्यासमोर असंच बोलायची पद्धत होती, म्हणजे रोगी घाबरत नाही. लेफ्ट अल्नर थिकन्ड अँड टेंडर. सिंगल पॅच. सेन्सेशन अ‍ॅबसेंट. विमल ऐकत होती. एकही शब्द तिला अडला नाही. एक पूर्ण इंग्रजी बोलणं न अडखळता समजण्याची तिच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

"न्युरायटिस आहे का, सर?" तिनं विचारलं.

दोघेही तिच्याकडे वळले. डॉक्टरांनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसले आणि मराठीत बोलू लागले. नसेला सूज आहे, पण वेळेत सापडली. सूज उतरवायच्या गोळ्या घेतल्या, हात बांधून आरामात ठेवला, तर बोटं वाचतील. हयगय केली तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळेल आणि मग ते सरळ होत नाही. रोग सौम्य प्रकारचा आहे, तिच्यापासून दुसऱ्या कोणाला व्हायचं भय नाही. नव्या उपचारानं सहा महिन्यांत औषध संपेल.

हे सगळं तिला ठाऊक होतं. हेच तिनं परीक्षेत लिहायचं होतं.

"मले काढतीन का, सर?"

पुंडलिकराव म्हणाले, नियमात तसं काही नाही, पण नियम वाचतो कोण. मागे एका तुकडीतल्या पोराचा चट्टा वर्गात सगळ्यांदेखत निघाला होता. संध्याकाळपर्यंत त्याचं अंथरूण व्हरांड्यात आलं. दुसऱ्या दिवशी तो निघून गेला आणि पुन्हा औषधालाही आला नाही. "म्हणून मी नॉर्मल म्हणालो," ते म्हणाले. "कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तुझं तू ठरव. मी तोंड उघडणार नाही. पण गोळी एक दिवस चुकवायची नाही."

तिनं कोणालाच सांगायचं नाही असं ठरवलं.

न्हाणीत पाय घसरून हात मुरगळला, असं तिनं खोलीत सांगितलं. हात गळ्यात बांधलेला पाहून पुष्पानं तिचे कपडे धुवायचं काम आपल्याकडे घेतलं. विमलला ते नको होतं, पण नको म्हणायला कारण सापडेना.

लपायचं होतं ते अशा लोकांत, जे त्याच रोगाची लक्षणं दिवसभर पाठ करत होते. गोळ्यांनी भूक वाढते, चेहरा गोल होतो, हे पुष्पानंच एकदा पुस्तकातून मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आता विमल दुसऱ्यांदा भात मागून घ्यायची आणि पुष्पा हसून म्हणायची की हॉस्टेलचं पाणी मानवलं बाप्पा तुले. महिन्यातून एकदा डॉक्टरांसमोर जी लाल कॅप्सूल घ्यायची असे, तिनं लघवी तांबडी होते. तेही सगळ्यांना पाठ होतं. त्या दिवशी ती संडासात बादलीमागून बादली पाणी ओतायची, बाहेर कोणाची पावलं वाजली की थांबायची, आणि मग पुन्हा ओतायची.

एका रविवारी ती शहापूरला गेली. आई मंगलाबाईनं गळ्यातली पट्टी पाहिली आणि जवसाचं तेल कोमट करून आणलं. नको नको म्हणेपर्यंत तिनं कोपर हातात घेऊन अंगठ्यानं रगडायला सुरुवातही केली. विमलनं हात हिसडून घेतला. वाटी कलंडली. मंगलाबाई तिच्याकडे पाहतच राहिली, मग फडक्यानं तेल पुसू लागली. विमल सांजच्या एसटीऐवजी दुपारच्याच गाडीनं परत निघाली.

वर्गाला रुग्णालयात नेलं, तिथे बोटं झडलेले, पायाला जखमा असलेले जुने रोगी पाहिले. त्या संध्याकाळी पुष्पानं साबण लावून दोनदा हात धुतले. आपल्यातल्या कोणाला झालं तर मी त्याच दिवशी गाव गाठीन, असं ती म्हणाली, आणि खोलीतल्या सगळ्याजणी हसल्या. विमलही हसली.

सराव मात्र चालूच होता. विमलचा हात सुटल्यावर पुष्पा रोज सकाळी खाटेवर बसून तिच्या डाव्या कोपरावर बोटं ठेवायची. ती नस तिला डोळे मिटून सापडायची. विमल हात द्यायची, कारण न देण्याचं कारण सांगावं लागलं असतं. आता कळ उरली नव्हती, मुंग्याही कमी झाल्या होत्या, पण जाडी तशीच होती. एकदा पुष्पा म्हणाली की बाकीच्या पोरींच्या नसा मले लई बारीक लागतात, माह्याच बोटाचं काही चुकत असन. विमलनं बाही खाली ओढली.

संक्रांतीनंतर प्रत्यक्ष पाहणी सुरू झाली. जीपनं गावात जायचं, पोरांनी बाप्यांना आणि पोरींनी बायांना तपासायचं, चट्टे पाहायचे, नसा चाचपायच्या, कार्डावर लिहायचं. आधी आंबागड झालं. पुष्पानं हौसेनं आपलीच गल्ली मागून घेतली. किल्ल्याच्या डोंगराखालच्या त्या गल्लीत तिला पोरवयापासून ओळखणाऱ्या बाया, तिच्या हाती कोपर द्यायला कोणी लाजलं नाही. पुष्पा नस चाचपून नॉर्मल म्हणायची, विमल कार्डावर नॉर्मल लिहायची. पुष्पाची बोटं झपाझप चालत होती, आणि दर कार्डावर तो शब्द लिहिण्याआधी विमलचं पेन क्षणभर अडत होतं. पण का ते तिनं स्वतःलाही नीट विचारलं नाही.

मग चिखला आलं. खाणीच्या वसाहतीत एकाला एक लागून खोल्या, मध्ये एकच भिंत. अंगणातल्या तुळशीवरही मँगनीजची काळी भुकटी. पुंडलिकराव पोरांना घेऊन वरच्या ओळीत गेले. खालच्या ओळीत पुष्पा आणि विमल निघाल्या.

मंदाबाई खाणीवर दगड फोडून निवडायच्या कामाला होती. नवरा ईश्वर खाली खाणीत. त्या दिवशी तिची सुटी होती आणि ती दारात बसून आपल्या पोरीच्या डोक्याला तेल लावत होती. तिनं पोरीला खेळायला पिटाळलं, दोघींना आत घेतलं, चहा टाकला. पुष्पानं तिची पाठ, हात, पाय पाहिले. चट्टा कुठेच नव्हता. मग कोपरं चाचपली.

"लिही विमल. अल्नर दोन्हीकडं नॉर्मल."

विमलनं लिहिलं नाही. मंदाबाई चहा गाळत होती, आणि तिची उजवी करंगळी बाकीच्या बोटांना सोडून बाजूला उभी राहत होती. अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस खोल गेलं होतं. विमलनं सहज विचारल्यासारखं विचारलं की हाताला काही त्रास आहे का.

"हातोडीनं होते ते," मंदाबाई म्हणाली. "दिवसभर दगड फोडले तं हात सुन्न नाही होईन तं काय होईन? गरम भांडं धरलं तं कळत नाही कधीकधी. रातच्याला कोपर ठणकते."

विमलनं तिचं उजवं कोपर हातात घेतलं. नस बोटाला आपणहून लागली. मंदाबाईनं श्वास आत ओढला.

"पुष्पा, ही पुन्हा पाह्य."

"पाह्यली मी."

"जाड हाये."

पुष्पाच्या कपाळाला आठी पडली. रोग्यासमोर चूक काढलेली तिला आवडली नव्हती. "तुया हातासारखीच तं हाये," ती म्हणाली. "तुही नस सरांनीच नॉर्मल म्हणून सांगतली. मी रोज तेच धरून पाहून राहिली ना?"

सरांना बोलावून आणते, असं म्हणत विमल उठली. दारापर्यंत गेली. सर येतील, मंदाबाईचा हात पाहतील, कार्डावर बरोबर ते लिहितील, आणि तिचं स्वतःचं काहीच बाहेर येणार नाही. वरची ओळ तिथून दिसत होती. जीपही दिसत होती. मग तिला आंबागडची गल्ली आठवली. एकामागून एक पुढे आलेली कोपरं, आणि प्रत्येक कार्डावर तिनं आपल्या हातानं लिहिलेला तोच शब्द. पुष्पाला जाड नस नॉर्मल म्हणून शिकवली होती. ती शिकवण घेऊन ती उद्या नेमणुकीवर गेली असती, आणि तीस वर्षं घरोघर हिंडली असती.

विमल परत आली. तिनं बाही वर केली आणि पुष्पासमोर उजवं कोपर धरलं.

"आधी हे पाह्य. तू हा हात कधी पाह्यलाच नाहीस."

पुष्पानं बोटं ठेवली.

"आता डावा."

पुष्पाला तो पाहायची गरज नव्हती, तरी तिनं पाहिला. मग पुन्हा उजवा पाहिला. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"सर त्या दिवशी खोटं बोलले," विमल म्हणाली. "माह्यासाठी बोलले. मले न्युरायटिस हाये. मांगं दंडावर पॅच हाये, अ‍ॅनेस्थेटिक. औषध चालू हाये."

मंदाबाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होती. चहा तसाच राहिला होता. "काय बोलून राहिल्या तुम्ही? मले समजन असं बोला ना."

इंग्रजी शब्दांत ते सांगणं सोपं होतं हे विमलला तेव्हा कळलं. वर्गात त्यांना महारोग हा शब्द वापरायला बंदी होती. कुष्ठरोग म्हणायचं, अशी ताकीद होती. पण मंदाबाईला कोणता शब्द समजेल हे तिला माहीत होतं.

"मले महारोग हाये, वहिनी. अन् तुमाले बी सुरुवात झाली असन, असं मले वाटते."

मंदाबाई ओरडली नाही. ती उठली, दार लोटलं आणि कडी घातली. शेजारच्या खोलीतून कोणीतरी पाटा धूत असल्याचा आवाज येत होता.

"हळू बोल," ती म्हणाली. "तुले हाये?"

"हाव."

"अन् तू अशी घरोघर फिरून राहिली?"

"मी औषध घेऊन राहिली. माह्यापासून कोणाले होत नाही. तुमच्यापासून बी नाही व्हायचं, असं मले वाटते. पण ते डॉक्टर पाहून सांगतीन."

मंदाबाई भिंतीला टेकून खाली बसली. आपला हात तिनं पदराखाली घेतला होता. इथे समजलं तर कामावरून काढतील, नळावर घागर लावू देणार नाहीत, नवऱ्याला तर सांगायचंच नाही, असं ती भिंतीकडे पाहत पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. विमलनं तिला समजावायचा प्रयत्न केला. करंगळी अजून वळलेली नाही, औषध आता घेतलं तर हात वाचेल, उशीर झाला तर वाचत नाही. दर मंगळवारी तुमसरला दवाखाना असतो, तिथे चिखल्याचं कोणी नसतं. मंदाबाईनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. शेवटी तिनं कडी काढली आणि दोघींना जायला सांगितलं.

खालच्या ओळीतून जीपपर्यंतचा रस्ता पुष्पा पुढे चालली, विमल मागे. जीपपाशी पुष्पा थांबली.

"तुले रोग हाये म्हणून मले राग नाही आला," ती म्हणाली. "मी रोज तुया हातावर शिकत होती. तुले माहीत होतं. तरी तू रोज तोच हात देत होती. माह्या आंबागडच्या बाया मी पास केल्या, विमल."



विमलनं पुंडलिकरावांना त्याच दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी स्वतःच सांगितलं की त्या पाठाच्या वेळी आपण जाणूनबुजून चुकीचं बोललो. एका विद्यार्थिनीला वाचवायला बोललो, आणि दुसरीची बोटं बिघडवली. विमलचं नाव त्यांनी घेतलं नाही. विमलच उभी राहिली आणि म्हणाली की ती मी.

व्हायचं ते झालं. दोन मुलींनी खाटा उचलून दुसऱ्या खोलीत नेल्या. स्वयंपाक करणाऱ्या शकुनबाईनं तिची ताटली वेगळी ठेवली. जे सौम्य प्रकार आणि संसर्ग यांच्यावर परीक्षेत उत्तरं लिहिणार होते, त्यांतलेच काही पंगतीत तिच्यापासून जागा सोडून बसू लागले. डॉक्टरांनी येऊन सगळ्यांना झापलं, त्यानं ताटली परत आली, पण खाटा परत आल्या नाहीत. पुष्पाची खाट हलली नाही. ती विमलशी बोलतही नव्हती. एका सकाळी मात्र ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "दोन्ही हात दे." मग आधी उजवा, नंतर डावा, पुन्हा उजवा, असं करत ती घंटा होईपर्यंत चाचपत राहिली.

आंबागडला पुन्हा जाऊन सगळी गल्ली तपासली. पुष्पाच्या घराला लागून राहणाऱ्या कलाबाईची नस सुजलेली निघाली. तिला ते दुसऱ्या कोणी सांगू नये, असं पुष्पानं बजावलं. ती एकटीच आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. कलाबाई तिच्यामागून दारापर्यंत आली होती आणि गोळ्या केव्हापासून घ्यायच्या ते विचारत होती.

बातमी गावात पोचायच्या आत विमल शहापूरला गेली. हिरालाल अंगणात दोरी वळत होते. तिनं त्यांना सगळं एका दमात सांगितलं. ते दोरी वळतच राहिले. मग त्यांनी विचारलं की औषध मध्येच बंद तर होणार नाही ना, आणि नेमणूक मिळेल ना. डॉक्टरांनी लिहून दिलंय, असं ती म्हणाली. थोड्या वेळानं ते उठले.

"मायले मी सांगतो," ते म्हणाले. "तू नको सांगू."

मंदाबाई पहिल्या मंगळवारी तुमसरला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सरावासाठी वर्गाला मंगळवारी तिथे नेत, आणि विमल दर वेळी रांगेतले चेहरे पाहायची. चिखल्याला पुन्हा जाऊन दार वाजवावं, तर शेजारी पाहतील, आणि न जावं, तर तिकडे करंगळी वळत असेल. पुंडलिकराव म्हणाले, अजून थोडी वाट पाहू. ती वाट पाहणं विमलला स्वतःच्या आजारापेक्षा जड गेलं.

मग एका मंगळवारी रांगेच्या शेवटी डोक्यावरून पदर घेतलेली बाई दिसली. बाहेर कडुनिंबाखाली एक माणूस पाठ करून उभा होता. तो ईश्वर. नवऱ्याला सांगायचं नाही म्हणणाऱ्या मंदाबाईनंच त्याला सांगितलं होतं. रात्री हात ठणकून झोप लागेना, तेव्हा तिच्यापुढे दुसरा इलाज उरला नव्हता. करंगळी किंचित आत वळली होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी उपचार सुरू केला. ईश्वरनं गोळ्यांचा पुडा शर्टाच्या आत ठेवला आणि एसटीपर्यंत बायकोच्या बरोबरीनं चालत गेला.

होळी झाली. ऊन तापू लागलं. मंदाबाईच्या हातातला ठणका गेला, पकड परत येऊ लागली. करंगळी मात्र पूर्ण सरळ होणार नव्हती. ते डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं आणि तिनं मान डोलावली. विमलचे औषधाचे महिने संपत आले होते. परीक्षाही झाली होती, पण नेमणुकीपर्यंत तुमसरचं काम चालू होतं. एका मंगळवारी मंदाबाई आपल्या पोरीला घेऊन आली. पोरगी नऊ-दहा वर्षांची, शाळेच्या फ्रॉकमध्ये. तिच्या पाठीवर फिकट डाग दिसतो, असं मंदाबाईचं म्हणणं होतं. त्या काळजीनं आठवडाभर मंदाबाईला अन्न गोड लागलं नव्हतं.

पुष्पानं पोरीला खिडकीपाशी उजेडात उभं केलं. डाग पाहिला, डोळे मिटायला लावले, कापूस टेकवला. पोरीनं बोट ठेवलं. पुन्हा टेकवला. पुन्हा बोट. मग कोपरं, गुडघ्याच्या मागची बाजू, मान. पुष्पा घाई करत नव्हती. एक बाजू पाहून झाली की दुसरी पाहायची, आणि परत पहिलीकडे यायची. मंदाबाई हाताच्या मुठी वळून उभी होती. तिची नजर पोरीवर नव्हतीच, पुष्पाच्या चेहऱ्यावर होती. त्या दोघींच्या बोलण्यापेक्षा चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा, असं तिनं ठरवलेलं दिसत होतं.

"काही नाही, वहिनी," पुष्पा म्हणाली. "उन्हाचा डाग हाये. पोरगी चांगली हाये."

मंदाबाईच्या मुठी सुटल्या नाहीत. तिनं विमलकडे पाहिलं. "तू पाह्य."

पुष्पा बाजूला झाली. विमलनं पोरीला जवळ घेतलं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा तपासलं. पोरगी कंटाळून एका पायावर उभी राहिली होती. नसा बारीक होत्या, बोटाखालून निसटत होत्या.

"नाही वहिनी. हिले काही नाही."

मंदाबाई खाली बसली. तिनं पोरीला ओढून दोन्ही गुडघ्यांत धरलं, फ्रॉकची मागची बटणं लावली, आणि तपासताना सुटलेली तिची वेणी पुन्हा घालायला घेतली. वाकडी करंगळी मध्ये मध्ये अडत होती, तिला वळसा घालून बाकीची बोटं चालत होती. वेणी झाल्यावर ती उठली, पोरीचा हात धरला आणि चिखल्याची गाडी सुटायच्या आत स्टँडवर पोचायचं म्हणून भराभरा निघाली.